गवत कापायचं यंत्र घेताय? बघून-पारखून घ्या!

राळेगणसिद्धीसारख्या गावांनी चराईबंदी केली आणि उघडे डोंगर पुन्हा गवताने झाकले गेले. पण ते गवत कापून घरी आणायचं काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला आलं. आता बाजारात पाठीवरची, ढकलायची, आपल्या आपण पुढे चालणारी अशी नाना यंत्रं आली आहेत. त्यातलं कुठलं आपल्या कामाचं आणि कुठलं टिकाऊ, याविषयी थोडं सविस्तर...

पावसाळा मध्यावर आला की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. 'ताई, गवत कापायचं मशीन घ्यायचं म्हणतोय, कुठलं घेऊ?' विचारणाऱ्या मैत्रिणी तीन तऱ्हेच्या असतात. एकीच्या दावणीला तीन-चार गाई असतात आणि रोजच्या वैरणीनं तिची कंबर मोडलेली असते. दुसरी तालुक्याच्या गावात नव्या वसाहतीत राहते, घरापुढे हौसेनं लॉन केलेलं असतं आणि दर पंधरा दिवसांनी माणूस शोधून ती कंटाळलेली असते. तिसरी बचत गटाची अध्यक्ष असते. गटानं यंत्र घेऊन भाड्यानं द्यावं, असं तिच्या मनात असतं. प्रश्न एकच, पण तिघींना लागणारं यंत्र मात्र वेगवेगळं. दुकानदार तिघींनाही एकच यंत्र दाखवतो, कारण त्याच्याकडे तेच शिल्लक असतं!

म्हणून आज याच विषयावर बोलू या. आणि बोलायचं तर सुरुवात राळेगणसिद्धीपासूनच करू या. कारण गवताची किंमत काय असते, हे आपल्या पारनेर तालुक्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

गवत डोंगरावर आणि भारा डोक्यावर

अहिल्यानगर, म्हणजे आधीच्या अहमदनगर जिल्ह्यातला पारनेर हा अवर्षणाचा तालुका. पाऊस बेताचा, तोही लहरी. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणहून आत वळलं की राळेगणसिद्धी लागतं. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा या गावातला माळ बोडका होता. पुढे गावानं श्रमदान, नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही पंचसूत्री स्वीकारली. समतल चर खोदले, नाले अडवले, झाडं लावली. याच जिल्ह्यात हिवरे बाजारनंही पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यावर हीच वाट धरली. या गावांचं कौतुक सगळीकडे झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

पाणी अडवण्याविषयी खूप लिहिलं गेलं. चराईबंदीविषयी मात्र त्या मानानं कमी. मोकळ्या सुटलेल्या जनावरांच्या तोंडी कोवळं रोप टिकत नाही. खुरांनी माती सैल होते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. शेळी तर गवताचा कोंब मुळापर्यंत कुरतडते. तेच गवत राखलं, बी पडू दिलं आणि बोटभर बुडखा ठेवून विळ्यानं कापलं, तर ते पुन्हा फुटतं. पवन्या, मारवेल अशी चांगली गवतं पुन्हा दिसायला लागतात. जमिनीत मुळांचं जाळं विणलं जातं आणि पावसाचं पाणी पळायचं सोडून मुरायला लागतं. म्हणजे पाणलोटाचं अर्धं काम चर करतात आणि उरलेलं अर्धं गवत करतं.

पण यात एक गोष्ट बदलली. पूर्वी गुरं गवताकडे जायची. चराईबंदीनंतर गवत गुरांकडे यायला लागलं. ते आणणार कोण? बहुतेक घरांत याचं उत्तर एकच. सकाळचा स्वयंपाक उरकून विळा-दोर घेऊन निघणारी आणि उन्हं चढायच्या आत डोक्यावर भारा घेऊन परतणारी घरची बाई. दुधाच्या धंद्याचं हे रोजचं अदृश्य भांडवल आहे. डेअरीच्या पासबुकात ते कुठं लिहिलेलं नसतं.

आधी हिशेब मांडा

यंत्र घ्यायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. चांगल्या दुधाळ संकरित गाईला दिवसाला साधारण २० किलो हिरवा आणि ६ ते ८ किलो वाळला चारा लागतो. चार गाई म्हटल्या की रोजचा ८० किलो हिरवा चारा झाला. एका खेपेला बाई २० ते २५ किलोचा भारा आणते. म्हणजे रोजचे तीन ते चार भारे आणि महिन्याला जवळजवळ अडीच टन! हा आकडा घरातल्या माणसांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. यंत्राचा विषय काढायला याहून चांगली सुरुवात नाही.

आता आपला वेळ नेमका कुठं जातो ते बघा. कापण्यात, वाहण्यात की कुट्टी करण्यात? आठवडाभर घड्याळ लावून लिहून ठेवा. अनेकींच्या लक्षात येईल की, कापायला पाऊण तास लागतो, पण बांधावरून गोठ्यापर्यंत भारे आणायला दीड तास. अशा घरात कापायचं यंत्र आणून बाईचा त्रास फारसा कमी होणार नाही. तिथं आधी हातगाडी हवी, किंवा गोठ्याजवळच दहा-पंधरा गुंठे घास, मका, कडवळ किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले जयवंत'सारखं संकरित नेपियर लावायला हवं. जिथं दुखतंय तिथंच औषध लावावं, नाही का?

यंत्रांची तोंडओळख

सगळ्यांत आधी आपला विळा. त्याला कमी लेखू नका. दातेरी पात्याचा, वजनाला हलका 'वैभव' विळा साध्या विळ्यापेक्षा सोपा जातो. त्याला सारखी धार लावावी लागत नाही आणि मनगटाला झटका कमी बसतो. एक-दोन जनावरं असतील तर एवढ्यावर भागतं.

दुसरं पाठीवरचं किंवा खांद्याला अडकवायचं ब्रश कटर. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला फिरतं पातं. बांध, चराच्या कडा, खाचखळगे, दगडगोटे असलेला माळ, अशा ठिकाणी चाकांचं यंत्र जातच नाही, तिथं हे चालतं. नायलॉनची दोरी लावली की कोवळं गवत निघतं, लोखंडी पात्यानं जाड गवत आणि दातेरी गोल पात्यानं कडवळ, मका निघतो. वजन मात्र नीट बघा. तेल भरल्यावर आठ-दहा किलोचं ओझं खांद्यावर घेऊन तासभर उभं राहता येईल का, हे दुकानातच करून पाहा. पाठीवर घ्यायच्या प्रकारात भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो, तर बाजूला अडकवायच्या प्रकारात एकीकडे ओढ बसते.

तिसरं लॉनमोअर. याचा जन्म मोठा गमतीचा आहे. इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाचा एक कारागीर होता. लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला सुचलं की, कापडाची लव निघते तसं गवतही निघेल. १८३० मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. आजही हातानं ढकलायची जी बिनइंजिनाची यंत्रं मिळतात, त्यांत गोल फिरणारी पाती खालच्या पट्टीवर कात्रीसारखी घासतात, ती बडिंगचीच युक्ती. अर्धा-एक गुंठ्याच्या लॉनला हे यंत्र पुरतं. ना पेट्रोल, ना आवाज, ना धूर. दर आठवड्याला फिरवायचं, एवढीच अट. गवत वीतभर वाढू दिलं की ते रुसतं.

चौथं इंजिनाचं लॉनमोअर. खालच्या झाकणाखाली पंख्यासारखं आडवं पातं फिरतं. यात दोन तऱ्हा आहेत. एक आपण ढकलायचं. दुसरं आपल्या आपण पुढे चालणारं, ज्याला दुकानदार 'सेल्फ प्रॉपेल्ड' म्हणतात. दुसऱ्यात इंजिनाची ताकद पात्याबरोबर चाकांनाही मिळते. आपण फक्त दिशा द्यायची. शाळेचं मैदान, देवस्थानाचं आवार, मंगल कार्यालयाचं लॉन, चार-पाच गुंठ्यांच्या वर सपाट जागा असेल, तर हे घ्यावं. त्याहून लहान जागेला जादा पैसे घालवायची गरज नाही.

पाचवं रीपर किंवा कटर बार. पुढे कात्रीसारख्या दातांची लांब पट्टी असते, ती उभं पीक बुडातून कापून एका बाजूला आडवं टाकते. हेही आपल्या आपण चालतं. घास, कडवळ, गहू यांच्या सपाट वावरात हे खरं कामाचं यंत्र.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. गवत जनावरांसाठी हवं असेल तर लॉनमोअर घेऊ नका. त्यात गवताचा बारीक चुरा होतो, त्यात माती-खडे मिसळतात आणि ढीग लावला की तासाभरात तो आतून गरम व्हायला लागतो. असा आंबलेला चुरा जनावराला घालणं धोक्याचं. लॉनमोअर अंगणासाठी, वैरणीसाठी विळा, ब्रश कटर किंवा रीपर. शिवाय गुडघाभर गवतात लॉनमोअर घातलं तर ते गुदमरून बंदच पडतं.

टिकाऊपणा कशात असतो?

रंगात आणि स्टिकरवर तर नक्कीच नसतो! पुढच्या गोष्टी हात लावून बघा.

इंजिन : टू-स्ट्रोक इंजिन हलकं आणि स्वस्त, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण यंत्रानुसार वेगळं असतं. कुणाला लिटरला २० मिली, कुणाला २५, कुणाला ४०. माहितीपत्रकात जे लिहिलंय तेच पाळायचं, अंदाजानं ओतायचं नाही. ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो आणि मग इंजिनाचाच खर्च येतो. फोर-स्ट्रोक इंजिन थोडं जड आणि महाग, पण त्यात ऑइल वेगळं असतं, पेट्रोल कमी लागतं आणि आवाजही बेताचा. ज्या घरात यंत्र दोन-तीन हातांत फिरणार आहे, तिथं मी फोर-स्ट्रोकच सुचवेन. मिश्रण कुणी केलं, कुणी विसरलं, हा वादच राहत नाही.

बॅटरीवरची यंत्रंही आता भरपूर आली आहेत. छोट्या लॉनला ती उत्तम. सुरू करायला दोरी ओढावी लागत नाही, हा बायकांना मोठा दिलासा. पण बॅटरी किती मिनिटं चालते, नवी बॅटरी केवढ्याला मिळते आणि आपल्या गावात वीज किती तास असते, हे विचारूनच निर्णय घ्या.

झाकण, म्हणजे डेक : पत्र्याचं असेल तर जाड हवं. बोटानं दाबून बघा, पत्रा आत जातो का? ओलं गवत आतून चिकटून राहिलं की पत्रा गंजतो. अॅल्युमिनिअमचं गंजत नाही, पण महाग. पत्र्याचं घेतलं तर प्रत्येक वेळी खरवडून, पुसून, कोरडं करून ठेवायचं. तव्याची काळजी घेतो तशी.

चाकं : साध्या प्लॅस्टिकच्या बुशवर फिरणारी चाकं एका हंगामात डगमगायला लागतात. बॉल बेअरिंगची चाकं घ्या. मागची चाकं मोठी असली तर खडबडीत जागेत यंत्र अडत नाही.

चाकांना ताकद देणारा भाग : आपल्या आपण चालणाऱ्या यंत्राचा खरा जीव यात असतो आणि सगळ्यांत आधी बिघडतोही हाच. इंजिनापासून एक पट्टा गिअरपेटीकडे जातो आणि तिथून चाकं फिरतात. विचारा : गिअर लोखंडी की प्लॅस्टिकचे? पट्टा बदलायला किती वेळ लागतो? तारेचा ताण घरी पान्ह्यानं नीट करता येतो का? ताकद पुढच्या चाकांना आहे की मागच्या? सपाट लॉनवर, वळणं जास्त असतील तर पुढची चालतात. चढ असेल, मागं गवताची पिशवी भरत असेल, तर मागच्या चाकांनाच ताकद हवी. कारण चढावर वजन मागं येतं आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगरतात. वेग कमी-जास्त करता येत असेल तर फार बरं. घरात सासूबाईही यंत्र चालवतील आणि कॉलेजातली लेकही. दोघींची चाल सारखी कशी असणार?

दांडा : दुमडण्याच्या जागी खिळखिळा नको. उंची बदलता यायला हवी. बहुतेक यंत्रं पुरुषाच्या उंचीला धरून केलेली असतात. पाच फुटांच्या बाईनं खांदे वर चढवून तासभर काम केलं की रात्री मान धरते. दुकानात दांडा आपल्या कमरेच्या किंचित वर येतो का ते बघा. सुरू करायची दोरी स्वतः ओढून बघा. दोन-तीन झटक्यांत सुरू झालं नाही, तर ते यंत्र रोज कुणाची तरी वाट बघत कोपऱ्यात पडून राहणार.

सुटे भाग जवळ, तर यंत्र आपलं

माझा अनुभव सांगते. आमच्याकडे एक यंत्र घेतलं होतं. विकणाऱ्यानं घरपोच आणून दिलं, पेढेही दिले. दुसऱ्या हंगामात पट्टा तुटला. साधा रबरी पट्टा, पण तो त्याच्याकडे नव्हता. 'बाहेरून मागवावा लागेल' म्हणत त्यानं तीन आठवडे लावले. तोवर गवतानं काही आमच्यासाठी थांबायचं कबूल केलं नव्हतं! भर पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवून आम्ही पुन्हा विळे पाजळले.

तेव्हापासून मी एक नियम सांगते. यंत्र बघायच्या आधी मिस्त्री बघा. आपल्या बाजाराच्या गावात, म्हणजे पारनेर, शिरूर, सुपे, जे जवळ असेल तिथं, हे इंजिन उघडणारा माणूस आहे का? पातं, पट्टा, प्लग, एअर फिल्टर, क्लचची तार, सुरू करायची दोरी हे सहा भाग दुकानात आत्ता, या घटकेला शिल्लक आहेत का? 'मागवून देऊ' हे उत्तर चालणार नाही. यंत्राबरोबरच एक पातं, एक पट्टा आणि एक प्लग जादा घेऊन ठेवा.

वापरून झाल्यावरची निगाही तेवढीच महत्त्वाची. फोर-स्ट्रोकचं पहिलं ऑइल पहिल्या काही तासांतच बदलायचं असतं. पुढे किती तासांनी ते माहितीपत्रकात असतं, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या खाड्यांशेजारी. एअर फिल्टर दर आठवड्याला झटका. आपल्याकडची धूळ इंजिनाची पहिली शत्रू. आणि दिवाळीनंतर काम संपलं की टाकीतलं पेट्रोल काढून टाका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि महिनोन् महिने टाकीत राहिलं की कार्बोरेटर खराब करतं. पुढच्या जूनमध्ये 'मशीन सुरूच होईना' अशी जी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

बोटांपेक्षा कुट्टी मोठी नाही

फिरत्या पात्याला आपली साडी, ओढणी, बांगडी यांची ओळख नसते. ब्रश कटर चालवताना पदर, ओढणी, मोकळी वेणी अजिबात नको. अंगभर शर्ट, पँट, गुडघ्याखालपर्यंत बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानात बोळे. 'लोक काय म्हणतील' याची काळजी करू नका. डोळा गेल्यावर लोक काहीच करू शकत नाहीत. पात्याला लागलेला खडा गोळीसारखा उडतो, म्हणून आजूबाजूला १५ मीटरपर्यंत कुणी माणूस, मूल, जनावर नको. काम सुरू करायच्या आधी जागेवरून एक फेरी मारून दगड, तारा, बाटल्या उचलून घ्या.

उतारावर चाकांचं यंत्र चालवायचंच असेल तर उताराला आडवं चालवा, वर-खाली नाही. खाली येताना पाय घसरला तर यंत्र पायावर येतं. फार चढ असेल, गवत ओलं असेल, तर यंत्र नकोच. डोंगराच्या चरांवरचं गवत विळ्यानंच कापावं, हे मी आजही म्हणेन. दांडा सोडला की इंजिन बंद झालंच पाहिजे. ही कळ कुणी दोरीनं बांधून ठेवली असेल, तर आधी ती दोरी सोडा.

आणि कडबाकुट्टी! त्यात बोटं गेल्याची उदाहरणं कुठल्याही दवाखान्यात विचारा, निघतील. कुट्टी यंत्र घेताना वैरण घालायचं पन्हळ लांब हवं, म्हणजे हात रुळांपर्यंत पोचतच नाही. पट्ट्यावर आणि पात्याच्या चाकावर झाकण हवं. वैरण अडकली तर रूळ उलटे फिरवायची कळ हवी. बंद करायचं बटण हाताशी हवं, भिंतीवर लांब नव्हे. आयएसआय खूण आहे का ते बघा. रात्रीची वीज असते म्हणून अर्धवट झोपेत कुट्टी करायची वेळ आली, तर एक दिवस वैरण आखूड न करताच घाला. गाय काही रागावत नाही.

पावतीवर नाव कुणाचं?

आता पैशांचं. केंद्र सरकारचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झालं. त्यात महिला शेतकरी, अल्प व अत्यल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना बऱ्याच अवजारांवर किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान, तेही ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, असं प्रमाण ठेवलं गेलं. आपल्या राज्यात अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. कुठली अवजारं यादीत आहेत आणि मर्यादा किती, हे वर्षागणिक बदलतं, म्हणून तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पूर्वसंमती मिळायच्या आधी यंत्र खरेदी करायचं नाही, नाहीतर अनुदान बुडतं. आणि यंत्राला सरकारमान्य संस्थेचा तपासणी अहवाल हवा. मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या केंद्रात यंत्रांची अशी कसून तपासणी होते. अनुदान घ्यायचं नसलं तरी तो अहवाल दुकानदाराकडे मागा. टिकाऊपणाची ती लेखी साक्ष असते.

खरी मेख पुढे आहे. महिला शेतकरी म्हणून अर्ज करायचा तर सातबारा आणि आठ-अ तिच्या नावाचा लागतो, शेतकरी ओळख क्रमांकही तिचाच. आयुष्यभर भारे वाहिले, पण सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून ती 'महिला शेतकरी' नाही! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली, ती नेमकी यासाठी. पुढे १९९२ मध्ये शासनानंही परिपत्रक काढून, नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावायची सोय केली. तुमच्या घरात हा विषय आजवर निघाला नसेल, तर यंत्राच्या निमित्तानं काढा. अनुदानाचा फायदा डोळ्यांसमोर असला की घरातली माणसंही जरा लवकर ऐकतात!

बचत गटानं यंत्र घ्यायचं असेल तर हिशेब आणखी कडक ठेवा. समजा, यंत्र ३० हजारांचं आहे आणि ते पाच वर्षं चालेल असं धरलं. म्हणजे वर्षाला सहा हजार रुपये नुसत्या झिजेचे. हंगामात ते १०० तास चाललं, तर तासाला ६० रुपये झीज झाली. त्यात पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती आणि चालवणाऱ्या बाईची मजुरी मिळवा आणि मगच भाडं ठरवा. नुसतं पेट्रोल धरून भाडं लावणारे गट तिसऱ्या वर्षी नवं पातं घ्यायलाही वर्गणी काढतात. यंत्राच्या नावानं एक वही ठेवा. कुणी नेलं, किती तास चाललं, काय बिघडलं. दोघींना मिस्त्रीकडे पाठवून प्लग बदलणं, फिल्टर धुणं, पात्याला धार लावणं शिकवून आणा. आणि गवत कापणीच्या रोजावर पोट असलेल्या ज्या गावातल्या बायका आहेत, त्यांनाच आधी यंत्र चालवायला द्या. नाहीतर आपलं ओझं उतरवायच्या नादात दुसरीची चूल विझायची.

घरातला करार

एक गोष्ट मी अनेक घरांत पाहिली आहे. गवत कापणं हे बायकांचं काम असतं, तोवर ते विळ्यानं होतं. यंत्र आलं की ते पुरुषाचं होतं. किल्ली त्याच्याकडे, पेट्रोलचा डबा त्याच्याकडे. तो घरी असेल त्या दिवशी वैरण झटपट निघते. तो लग्नाला, बाजाराला, तालुक्याला गेला की बाई पुन्हा विळा घेऊन निघते. आणखी एक गंमत होते. वैरण लवकर निघते म्हटल्यावर दावणीला दोन गाई वाढतात. कापायचा वेळ वाचला, पण शेण, धारा, पाणी वाढलं. बाईचा दिवस होता तेवढाच राहिला, कधी थोडा लांबलाच.

म्हणून यंत्र घरात येण्याआधी चार गोष्टी बोलून ठरवा. एक, यंत्र घरातल्या बाईलाही चालवता आलं पाहिजे आणि दुकानदारानं ते तिला चालवून दाखवलं पाहिजे. दोन, पेट्रोलचे पैसे दुधाच्या पगारातून आधी बाजूला निघतील. तीन, गाई वाढवायच्या की नाहीत, हे दोघं मिळून ठरवतील. चार, जो वेळ वाचेल तो कुणाचा, हे आधीच मोकळेपणानं बोललं जाईल. दुपारी तासभर आडवं व्हायला मिळालं तरी तो यंत्राचा नफाच आहे.

शेवटी दुकानात जाताना ही छोटी यादी चिठ्ठीवर लिहून न्या. जागा किती गुंठे आणि सपाट की चढाची? गवत चाऱ्याला हवं की अंगण साफ करायला? इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? चाकांना बेअरिंग आहे का, गिअर कशाचे आहेत? दांडा माझ्या उंचीला बसतो का, दोरी मला ओढता येते का? दांडा सोडल्यावर इंजिन बंद होतं का? सहा सुटे भाग शिल्लक आहेत का? जवळचा मिस्त्री कोण? तपासणी अहवाल आणि वॉरंटीचं कार्ड कुठं आहे? आणि पावती माझ्या नावानं कराल ना?

या प्रश्नांना नीट उत्तरं देईल तो दुकानदार आपला. जो म्हणेल, 'वहिनी, ते साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो', त्याला हसून नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा.